मराठवाड्यातून पहिल्यांदा रत्नागिरीला: आधी तिथी बघा, मग यादी करा

लातूर, बीड, परभणी, नांदेडकडची मंडळी रत्नागिरीला पहिल्यांदा जातात तेव्हा बहुतेकांची चूक एकच असते. ठिकाणांची यादी करायची, किलोमीटर मोजायचे आणि तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर जसं एका दमात उरकतो तसा किनारा उरकायला निघायचं. पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे कुणी बघतच नाही. मग पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पोचावं तर वाळूची अरुंद पट्टीच उरलेली असते, आणि गणपतीपुळ्याला सगळं घर पाण्यात उतरतं ते नेमकं ओहोटी लागल्यावर. म्हणून इथे सुरुवात हॉटेलापासून नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरापासून केली आहे.

१. तिथीवरून भरती काढा

कोकणपट्टीतला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पक्ष कोणताही असो, आकडा १ ते १५ धरायचा.

चतुर्थी: ४ ची पाऊणपट ३. पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास.
अष्टमी: ६. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी दुपारी बाराला.
एकादशी: सव्वाआठ. ओहोटी दुपारी सव्वादोनच्या आसपास, नंतर रात्री आठपर्यंत पाणी चढत राहतं.
पौर्णिमा, अमावास्या: सव्वाअकरा. पहाटे पाच-साडेपाचला आणि तशीच संध्याकाळी पूर्ण ओहोटी.

भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. अचूक वेळ हवी असेल तर मोबाइलवर रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रक मिळतं. मुंबईचं बघू नका, तिथली भरती थोडी उशिरा येते.

पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. लहान मुलं बरोबर असतील तर अष्टमी ते द्वादशी या दिवसांत जा. संध्याकाळी उन्हं कलल्यावर तुम्ही पुळणीवर असाल तेव्हा पाणी बाहेर ओढत नसतं, आत येत असतं.

आता आपल्याकडची आवडती तिथी बघा. संकष्टीला गणपतीपुळ्याचं दर्शन घ्यायचं म्हणून लोक मुद्दाम चतुर्थी धरून जातात. त्या दिवशी भरती तीनला. रांगेतून सुटून, जेवून, चार-साडेचारला मंडळी पाण्याकडे येतात तेव्हा ओहोटी जोरात असते, आणि रात्री नऊपर्यंत ती तशीच चालते. दर्शन संकष्टीला करायचं तर जरूर करा. त्या संध्याकाळी पाण्यात उतरू नका.

तपासा: जाण्याच्या प्रत्येक दिवसापुढे भरतीच्या दोन आणि ओहोटीच्या दोन वेळा कागदावर लिहिल्या का? नसतील तर पुढची पायरी अजून घेऊ नका.

२. महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपा काळ. मार्चच्या मध्यापासून मेअखेर हापूस असतो, पण दमटपणाची तयारी हवी. लातूरला ४२ अंश सोसणाऱ्याला रत्नागिरीचे ३३ अंश किरकोळ वाटतात आणि तिथेच गफलत होते. आपल्याकडे घाम वाळतो, तिकडे तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. दुपारी बारा ते चार उन्हात फिरणं मे महिन्यात नकोच.

जून ते सप्टेंबर डोंगर, धबधबे बघायला जा, समुद्र सोडून द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. ताज्या सुरमईच्या आशेने जुलैत गेलात तर ताटात बहुधा बर्फातलीच येईल.

३. मुक्काम: शहरात की गणपतीपुळ्यात

दोन्हींत साधारण २५ किलोमीटरचं अंतर. पहिल्या खेपेला तीन रात्री काढा: दोन शहरात, एक गणपतीपुळ्यात. सगळ्या रात्री पुळ्यात काढल्या तर शहर बघायला रोज ५० किलोमीटर होतात.

फोनवर खोली ठरवताना हे विचारा:

समुद्र ‘दिसतो’ की पायी जाता येतं, आणि पायी किती मिनिटं? गच्चीवरून लांबवर निळी रेघ दिसली तरी जाहिरातीत समुद्रकाठच लिहितात.
नळाला गोडं पाणी आहे का? किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, केस आणि साबण दोन्ही वैतागतात.
चालकाची झोपायची सोय आहे का? दहा तास गाडी हाकणाऱ्याला सीटवर झोपवून दुसऱ्या दिवशी घाटात नेऊ नका.
शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात होतं का, आणि ते किती आधी सांगावं लागतं?

सावध: इंटरनेटवर नामांकित निवासांच्या नावाने खोटी पानं असतात. पूर्ण पैसे आगाऊ मागणारा, आजच भरा म्हणून घाई करणारा दिसला की थांबा. दुसरीकडून मिळालेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नका.

दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना आणि अंगारकी या चार वेळी आयत्या वेळी खोली मिळेल असं धरून चालू नका.

४. रस्ता की रेल्वे

गाडीने: लातूर, धाराशिव, नांदेडकरांना रस्ता शोधावा लागत नाही. ज्याला तिकडे मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात तोच आपला: नांदेड, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. लातूरहून सुमारे ४८० किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर कोल्हापूरला दहा-साडेदहा, घाटात दुपारी बारा-साडेबारा, मुक्कामाला दोन-अडीच. मिरज ते कोल्हापूर हा टप्पा वेळ खातो, तो धरूनच चला. नांदेड-परभणीकरांनी सोलापूर किंवा कोल्हापूरला मुक्काम करावा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकडून पुण्याला आणि तिथून कराड, कोकरूड, मलकापूर करत त्याच आंबा घाटात उतरता येतं. संभाजीनगरहून हे साडेपाचशेच्या आसपास जातं, तेव्हा पुण्यात किंवा कराडला रात्र काढलेली बरी.

सगळ्यात वाईट बेत म्हणजे ‘संध्याकाळी दुकान बंद करून निघू, सकाळी समुद्रावर’. घाट पहाटे येतो, चालक पेंगतो आणि आंबा परिसरात धुकं असतं.

रेल्वेने: नांदेड-पनवेल एक्स्प्रेस परभणी, परळी, लातूर, धाराशिव, कुर्डुवाडी, पुणे करत पनवेलला जाते. पनवेलला उतरून कोकण रेल्वेची गाडी धरायची. मध्ये निदान तीन-चार तास मोकळे ठेवा. पहिली गाडी रखडली तर दुसरी तुमच्यासाठी थांबत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या काळात कोकणच्या गाड्या लगेच भरतात, म्हणून आधी पनवेल-रत्नागिरीचं तिकीट काढा, मग नांदेड-पनवेलचं. लोक नेमकं उलटं करतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुनी वेळ पाठ असून उपयोग नाही.

रत्नागिरी स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा, सामानासकट.

एसटीने: महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. आजी-आजोबा, सुना-लेकी मिळून आठजण असतील तर हा हिशेब भाड्याच्या गाडीपेक्षा बराच हलका पडतो. वयाचा पुरावा जवळ ठेवा. शहरात मध्यवर्ती आणि रहाटाघर अशी दोन बसस्थानकं आहेत. आपली गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

५. बॅग

सुती आणि सैल कपडे, तेही रोजचे दोन जोड. जीन्स घरी राहू द्या: ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या सोलून निघतात. वाळूसाठी साध्या रबरी चपला, ओल्या कपड्यांसाठी चार जाड पिशव्या, मोबाइलसाठी पाणी न शिरणारं पाकीट, डासांचं मलम, क्षारसंजीवनीची पाकिटं. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरा. पावसाळ्यात छत्री नको, रेनकोट घ्या. समुद्रावरचा वारा छत्री उलटी करतो. सोनं घरी ठेवा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी वाळूत कुठे गेली ते कळतही नाही.

आणि हो, ठेचा. कोकणातलं कालवण नारळाचं, आपल्या जिभेला गोडसर. तिसऱ्या दिवशी सगळं घर ठेच्याची बाटली शोधतं.

६. आंबा घाट उतरताना

सपाटीवर गाडी चालवणाऱ्यांची इथे एक ठरलेली चूक: उतारावर वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय देऊन बसणं. ब्रेक तापतात, जळका वास येतो, मग पाय दाबला तरी गाडी हवी तशी थांबत नाही.

मलकापूरला थांबा. टायरची हवा आणि ब्रेक बघा, इंधन भरा, चालकाला चहा पाजा.
उतार लागण्याआधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाका. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला.
ब्रेक थोडा दाबा, सोडा. सतत दाबून ठेवू नका. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायच्या भानगडीत पडू नका.
वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा, ओव्हरटेक नाही.
जळका वास आला तर मोकळी जागा बघून अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा. औषध घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायचं. पहिल्या वळणावर दिलेली गोळी दुसऱ्या वळणावर बाहेर पडते. रिकाम्या पोटी नेऊ नका, मिसळ खाऊनही नाही.

सावध: पावसाळ्यात दरडी कोसळतात. निघायच्या सकाळी घाट चालू आहे का ते मुक्कामाच्या मालकाला फोन करून विचारा. धबधब्यापाशी वळणावर गाडी लावून फोटो काढू नका.

७. दिवसांची मांडणी

पोचलात त्या संध्याकाळी फक्त एक जागा. मांडवी किंवा भाट्ये, दोन्ही नको. मांडवीची वाळू काळपट, धक्क्यावर बसून सूर्यास्त बघायला ती जागा चांगली. भाट्याची पुळण लांब, सपाट, मागे सुरूची झाडं, चालायला ती. सूर्य आपल्या लातूरपेक्षा दहा-पंधरा मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरात साधारण सहा-पाचला, मेअखेर सातनंतर. निदान पाऊण तास आधी पोचा.

दुसरा दिवस, शहर. सकाळी लवकर मिरकरवाडा बंदरावर मासळी उतरताना आणि लिलाव होताना बघता येतो. तिथे तुम्ही पाहुणे आहात, टोपल्या उचलणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका. फरशी निसरडी असते, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. मग टिळक जन्मस्थान, थिबा राजवाडा. सोमवारी सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात, तेव्हा शहराचा दिवस सोमवारी ठेवू नका. दुपारी जेवून झोपा. हे आळसापोटी सांगत नाही, संध्याकाळचा रत्नदुर्ग चढायला ताकद उरावी म्हणून. किल्ल्यावर सावली जवळपास नाही. चारनंतर चढा, भगवतीचं दर्शन घ्या आणि तटावरून सूर्यास्त बघा. वारा जोराचा असतो, मुलांना कठड्यावर बसवू नका.

तिसरा दिवस, आरे-वारे मार्गे गणपतीपुळे. इथे मोबाइलचा नकाशा फसवतो. हातखंब्याकडून येणाऱ्याला तो निवळीवरून नेतो. शहरातून निघालेल्यालाही कधीकधी तिकडेच ढकलतो आणि समुद्राकाठचा रस्ता राहून जातो. शिरगाव, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे अशी गावं विचारत जा. सकाळी आठ-नऊला निघा: ऊन पाठीमागून येतं आणि वरच्या वळणावरून पाणी निळं दिसतं. दुपारनंतर तेच पाणी डोळ्यांवर चमकतं, फोटोत पांढरा पट्टा येतो. आरे-वारेला उतरून पाय भिजवा, पोहू नका.

गणपतीपुळ्याला आधी दर्शन, मग प्रदक्षिणा, मग पाणी. प्रदक्षिणा देवळाची नाही, अख्ख्या टेकडीची आहे, सुमारे एक किलोमीटर. भर दुपारी अनवाणी चाललात तर फरशीचे चटके बसतात. मालगुंडचं केशवसुत स्मारक तिथून दोन-एक किलोमीटरवर, अर्ध्या तासात होतं. उत्तरेला जयगड आहे. पावस दक्षिणेला, शहरापासून सुमारे २० किलोमीटर. जयगड आणि पावस एका दिवसात घातलंत तर दिवसभर गाडीच्या काचेतूनच कोकण दिसेल.

८. पाण्यात उतरताना

हा टप्पा घाईने वाचू नका. विहिरीत, धरणात पोहणाऱ्यांनी तर मुळीच नको, कारण बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. विहिरीचं पाणी एका जागी असतं, समुद्राचं पाणी तुम्हाला घेऊन जातं.

काठावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. लाटा कुठे फुटतात, पाणी परतताना कुठे एकवटतं. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जो शांत, गढूळ पट्टा दिसतो तो सुरक्षित वाटतो. पाणी तिथूनच बाहेर ओढतं.
स्थानिकाला विचारा: ‘आत्ता भरती लागलीय की सुकती?’ सुकती म्हणजे ओहोटी. सुकती असेल तर घोट्यापर्यंतच.
भरतीतही गुडघ्याच्या वर नाही. गणपतीपुळ्याला वाळू एकदम खाली जाते, दोन पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला येतं.
मुलामागे एक मोठा माणूस, हात धरून, समुद्राकडे तोंड करून. पाठ फिरवून सेल्फी काढताना लाट गुडघ्यामागे बसते आणि माणूस आडवा होतो.
नऊवारी असो की सहावारी, भिजली की जड होते आणि पायांत गुंडाळते. आत्या-मावशींना वाळूवरूनच पाय धुऊ द्या.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ झटू नका, दम संपतो. हात वर करून मदत मागा, तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर आडवं सरका आणि ओढ कमी झाली की तिरकं बाहेर या. बुडणाऱ्यामागे दुसऱ्याने उडी टाकू नये, दोन जातात. दोर, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, जे हाताला लागेल ते फेका. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

सावध: गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला वाळू घट्ट वाटते, गाडी आत जाते, लोक वडापाव खायला जातात. चाकाखालची वाळू पाणी आल्यावर मऊ पडते आणि मग ट्रॅक्टर शोधायची पळापळ होते. तोवर इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं.

९. जेवण

पहिल्यांदा मासे खाणाऱ्याने सुरमईपासून सुरुवात करावी: मधला एकच जाड काटा. बांगडा स्वस्त आणि चविष्ट, पण काटेरी; भाकरीसारखा घास मोडून तोंडात टाकलात तर घशात अडकतो. आधी काटा काढा, मग खा. पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी यांचे दर रोज बदलतात, म्हणून तुकड्याचा आकार आणि भाव आधी विचारा, बिलावर वाद नको. भात बऱ्याच ठिकाणी उकड्या तांदळाचा मिळतो, जाडसर आणि लालसर. तो कच्चा राहिलेला नसतो.

घरगुती खानावळीत माणसं मोजून रांधतात. दुपारच्या जेवणाची संख्या सकाळी नऊपर्यंत कळवा. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगा. दुपारी अडीचला बाराजण अचानक दारात उभे राहिले तर काकू नाही म्हणतात, तो उद्धटपणा नसतो.

१०. आंबा आणि परतीचा माल

मार्च ते मे या काळात हा टप्पा शेवटच्या दिवशी, निघायच्या सकाळी करा. आधी घेतलेली पेटी खोलीत तापते. महामार्गावर ‘रत्नागिरी हापूस’ अशी पाटी लावून परप्रांतातलाही आंबा विकतात. बागायतदाराच्या घरून किंवा ओळखीतून घ्या.

भाव पेटीचा नाही, डझनाचा आणि आकाराचा विचारा. एका पेटीत चार डझन की सहा, हे फळांच्या आकारावर ठरतं.
गाडीत दहा-बारा तास जाणार असतील तर तयार आंबा घेऊ नका. हिरवट, पण पूर्ण वाढलेला मागा. देठाजवळचे खांदे भरलेले असावेत.
दोन फळं कापून दाखवायला सांगा. आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला तर तो साका. बाहेरून कळत नाही, म्हणूनच कापून बघायचं.
पेटी डिकीत नको. मागच्या सीटखाली, गवतासकट, वर काही न ठेवता.

घरी आल्यावर पेटी उघडून फळं पसरा. डागी वेगळी काढा, बाकीची गवतात एका थरात लावा. फ्रिजमध्ये कच्चा हापूस ठेवला तर तो पिकत नाही, सुरकुततो. हापूसचं कलम मात्र आणू नका. आपल्या कोरड्या हवेत केशर रमतो, हापूस नाही.

कोकमाचं आगळ आणि सरबत वेगळं. आगळ खारट आणि आंबट असतं, सोलकढीत घालायचं. सरबत समजून पाण्यात ढवळलंत तर पाहुणे पहिल्या घोटाला थांबतात. काजू घेताना अख्खा की पाकळी, भाजलेला की कच्चा, हे बोलून घ्या आणि एक दाणा चावून बघा.

गाडी घरी पोचली की दुसऱ्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन काढा: चाकांच्या कमानी, सायलेन्सर, दरवाज्यांच्या खालच्या कडा. पायपुसण्या उचलून वाळू झाडा. ओली वाळू तिथे महिनाभर राहिली की पुढच्या पावसाळ्यात पत्र्याला गंज दिसतो.